विकलं काहीच नाही, तरी कर? अमेरिकेतल्या म्युच्युअल फंडांचं डिसेंबरचं गणित

भारतात एसआयपी करून अमेरिकेत आलेल्या बहुतेक मराठी माणसांच्या डोक्यात म्युच्युअल फंडाच्या कराचा एकच नियम पक्का बसलेला असतो: युनिट विकले की कर, तोवर काही नाही. भारतात ग्रोथ ऑप्शन घेतलेल्यांसाठी तो बरोबरच आहे. फंड मॅनेजरने आतल्या आत कितीही खरेदी-विक्री केली तरी फंडाला त्यावर कर नसतो, आणि आपल्याला तो युनिट मोडल्यावरच लागतो. अमेरिकेत हे चालत नाही. इथल्या म्युच्युअल फंडांत ग्रोथ ऑप्शन हा प्रकारच नाही. फंडाने वर्षभरात नफ्यात विकलेल्या शेअरांचा हिशेब डिसेंबरात गुंतवणूकदारांच्या नावावर टाकला जातो. तुम्ही फंडाचा एकही शेअर (इथे युनिटलाही शेअरच म्हणतात) विकलेला नसला, मिळालेले पैसे त्याच फंडात परत गेले असले आणि फंड तुमच्या खरेदीपेक्षा खाली असला, तरीही कर भरावा लागतो. याला इथे कॅपिटल गेन डिस्ट्रिब्युशन म्हणतात.

यात दिलासा इतकाच की हे अचानक होत नाही. तारखा आणि अंदाजे आकडे काही आठवडे आधी जाहीर होतात. नोव्हेंबरातली एक संध्याकाळ त्यासाठी काढली तर एप्रिलमध्ये रिटर्न भरताना धक्का बसत नाही. ही संध्याकाळ कशी वापरायची ते क्रमाने सांगते. एच-१बी, एल-१, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्या, म्हणजे करासाठी इथले रहिवासी ठरलेल्या वाचकांसाठी हे लिहिलं आहे. एफ-१ वरचे बहुतेक विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी धरले जातात. त्यांचा फॉर्म १०४०-एनआर आणि त्यांचे नियम वेगळे, त्यांनी हे जसंच्या तसं लावू नये.

डिसेंबरच का

अमेरिकेत म्युच्युअल फंडाला स्वतः कंपनीसारखा कर भरावा लागत नाही, पण त्याला अट आहे: उत्पन्न गुंतवणूकदारांना वाटून टाकायचं. शिवाय कॅलेंडर वर्षाचं ९८% साधं उत्पन्न आणि ३१ ऑक्टोबरला संपणाऱ्या बारा महिन्यांतला ९८.२% निव्वळ कॅपिटल गेन वाटला नाही, तर उरलेल्या रकमेवर ४% अबकारी कर बसतो. तो कोणत्याच फंडाला नको असतो. म्हणून ३१ ऑक्टोबरला फंडाचा नफा मोजून होतो, नोव्हेंबरात अंदाज जाहीर होतात आणि डिसेंबरात वाटप होतं. काही फंड इतर महिन्यांतही वाटतात, पण मोठा भाग डिसेंबरातच येतो.

फंडाचा नफा कशामुळे साचतो हेही समजून घ्यावं. मॅनेजर बदलला आणि नव्याने जुने शेअर काढून टाकले, किंवा लोक फंड सोडून जाऊ लागले आणि त्यांचे पैसे द्यायला जुने, स्वस्तात घेतलेले शेअर विकावे लागले, तर नफा वर येतो. या दुसऱ्या कारणामुळेच पडत्या बाजारातही वाटप होतं. २०२२ साली बाजार चांगलाच आपटला होता, तरी अनेक अॅक्टिव्ह फंडांनी (ज्यांत मॅनेजर स्वतः शेअर निवडतो) डिसेंबरात कॅपिटल गेन वाटला. आपला फंड खाली आणि वर कर, असं दुहेरी दुखणं त्या वर्षी खूप घरांनी अनुभवलं. उलट फंडाला तोटा झाला तर तो मात्र तुमच्या नावावर येत नाही. फंड तो स्वतःकडे ठेवून पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करतो.

पहिलं काम: कोणती खाती या हिशेबात येतात

सगळी खाती तपासत बसू नका. ४०१-के (नोकरीतलं निवृत्ती खातं), आयआरए आणि रॉथ आयआरए (स्वतः उघडलेली निवृत्ती खाती) आणि ५२९ (शिक्षणासाठीचं खातं) यांच्यात फंडाने काहीही वाटलं तरी त्या वर्षी त्यावर कर नाही. औषधोपचारासाठीच्या एचएसए खात्याचंही तसंच, फक्त कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्यं एचएसएची सवलत मानत नाहीत, तिथे राज्याच्या करासाठी हिशेब ठेवावा लागतो.

उरतं ते साधं ब्रोकरेज खातं. नवरा-बायकोचं जॉइंट खातं, प्रत्येकाचं वेगळं खातं, आणि मुलांच्या नावाने उघडलेलं कस्टोडियल खातं. हे शेवटचं हमखास विसरतं. मुलाच्या नावावरच्या खात्यात २०२५ साली पहिल्या १,३५० डॉलर उत्पन्नावर कर नाही, पुढच्या १,३५० डॉलरवर मुलाच्या दराने, आणि २,७०० डॉलरच्या वर गेलं की आईवडिलांच्या दराने कर लागतो. आजी-आजोबांनी दिलेले पैसे मुलाच्या खात्यात एखाद्या अॅक्टिव्ह फंडात ठेवले असतील तर एका मोठ्या वाटपाने ही रेषा ओलांडली जाऊ शकते.

यादीत फंडाचं पूर्ण नाव, पाच अक्षरी टिकर, शेअरांची संख्या आणि खरेदीची एकूण किंमत एवढं लिहा. टिकर महत्त्वाचा आहे, कारण एकाच फंडाचे वेगवेगळे शेअर क्लास, म्हणजे वेगवेगळ्या खर्चाचे प्रकार, असतात आणि तक्त्यात आपलाच क्लास बघायचा असतो. यादीत निव्वळ ईटीएफ (शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड) असतील तर काळजी खूप कमी. ईटीएफ मोठ्या संस्थांना रोख पैशांऐवजी थेट शेअर देऊन मोकळे होतात आणि त्यावर कॅपिटल गेन मोजला जात नाही, त्यामुळे शेअर बाजाराचा निर्देशांक धरणारे ईटीएफ सहसा कॅपिटल गेन वाटतच नाहीत. डिव्हिडंड मात्र तेही देतात.

नोव्हेंबरात तक्ता शोधा

फंड कंपनीच्या साइटवर कर विभागात 'कॅपिटल गेन डिस्ट्रिब्युशन एस्टिमेट्स' अशा नावाचं पान असतं. फिडेलिटी, व्हॅनगार्ड, श्वाब, टी. रो प्राइस, अमेरिकन फंड्स या सगळ्या मोठ्या कंपन्या ते प्रसिद्ध करतात. तुमचं खातं एका ब्रोकरकडे आणि फंड दुसऱ्या कंपनीचा असेल, तर पान फंडाच्या कंपनीकडे शोधायचं.

तक्त्यात तीन तारखा दिसतील. रेकॉर्ड तारखेला ज्याच्या नावावर शेअर आहेत त्याला वाटप मिळतं. एक्स-डिव्हिडंड तारखेला फंडाची एनएव्ही, म्हणजे एका शेअरचा भाव, वाटपाएवढी खाली येते. पेमेंटच्या तारखेला पैसे खात्यात येतात किंवा परत गुंतवले जातात. म्युच्युअल फंडांत या तिन्ही एकमेकींना लागून असतात. आपल्या कामाची तारीख एक्स-डिव्हिडंड, सगळे निर्णय तिच्या आधी घ्यायचे.

रकमेचे रकाने दोन असतात, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. हे तुम्ही फंड किती दिवस ठेवला त्यावर ठरत नाही. फंडाने विकलेला शेअर स्वतःकडे वर्षाहून जास्त ठेवला होता का, यावर ठरतं. तुम्ही फंड गेल्या आठवड्यात घेतला असला तरी लाँग टर्म वाटप तुमच्यासाठी लाँग टर्मच. शॉर्ट टर्म भाग मात्र करासाठी साधा डिव्हिडंड समजला जातो आणि त्यावर पगारासारखा दर लागतो. रक्कम कुठे प्रति शेअर डॉलरमध्ये असते, कुठे एनएव्हीच्या टक्क्यात, तेवढं नीट बघून घ्या.

एक तांत्रिक पण उपयोगी गोष्ट: फंडाने ऑक्टोबर ते डिसेंबरात जाहीर करून पैसे प्रत्यक्षात जानेवारीत दिले, तरी कर आधीच्या वर्षात धरला जातो. बँकेत पैसे कधी आले ते बघून वर्ष ठरवू नका.

आकडा आपल्या खात्यावर लावून पाहा

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. कॅलिफोर्नियात राहणारं नोकरदार जोडपं, दोघांचा मिळून पगार १,८०,००० डॉलर, एकत्र रिटर्न. त्यांच्याकडे एका अॅक्टिव्ह फंडाचे ५०० शेअर आहेत, एनएव्ही ४० डॉलर, म्हणजे २०,००० डॉलर. फंडाने प्रति शेअर ४ डॉलर वाटप जाहीर केलं: ३ डॉलर लाँग टर्म, १ डॉलर शॉर्ट टर्म.

एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी बाजार जागचा हलला नाही असं धरा. एनएव्ही ४० वरून ३६ वर येते. त्यांना ५०० गुणिले ४, म्हणजे २,००० डॉलर मिळतात. पुनर्गुंतवणूक चालू असेल तर ३६ डॉलरने साधारण ५५.५६ शेअर घेतले जातात. आता शेअर ५५५.५६, गुणिले ३६, म्हणजे पुन्हा २०,००० डॉलर. संपत्तीत एका डॉलरचीही भर पडली नाही. करासाठी मात्र २,००० डॉलरचं उत्पन्न झालं. लाँग टर्म १,५०० वर १५% म्हणजे २२५, शॉर्ट टर्म ५०० वर त्यांच्या २२% दराने ११०, मिळून केंद्राला ३३५ डॉलर. कॅलिफोर्नियात कॅपिटल गेनला वेगळा सवलतीचा दर नाही, तिथे २,००० वर ९.३% म्हणजे १८६. एकूण ५२१ डॉलर. हेच जोडपं टेक्सास किंवा फ्लोरिडात असतं तर राज्याचा भाग शून्य.

त्यांनी हे शेअर ४० डॉलरनेच घेतले होते असं धरलं, तर खरेदीची किंमत आता २०,००० अधिक २,००० म्हणजे २२,००० झाली आहे. पुढे विकताना ही वाढलेली किंमत धरली जाते, म्हणून याच पैशांवर दुसऱ्यांदा कर लागत नाही. म्हणजे कर नव्याने जन्मत नाही, तो आधी मागितला जातो. ज्याने फंड दहा वर्षं ठेवला आणि वाढीचा फायदा घेतला, त्याच्यासाठी हे फारसं जाचक नाही. ज्याने गेल्या आठवड्यात घेतला, तो इतरांच्या दहा वर्षांच्या नफ्यावर कर भरतो. खरी मेख इथे आहे.

दर ठरवताना त्या वर्षाचे टप्पे जवळ ठेवा. २०२५ साली ते असे होते. लाँग टर्म गेनवर एकत्र रिटर्न भरणाऱ्यांना ९६,७०० डॉलर करपात्र उत्पन्नापर्यंत ०%, तिथून ६,००,०५० पर्यंत १५%, त्यावर २०%. एकट्यासाठी हेच आकडे ४८,३५० आणि ५,३३,४०० होते. शिवाय एकत्र रिटर्नला २,५०,००० आणि एकट्याला २,००,००० डॉलरच्या वर सुधारित उत्पन्न गेलं की गुंतवणुकीच्या उत्पन्नावर ३.८% जादा कर. २०१३ पासून या रेषा महागाईबरोबर सरकलेल्या नाहीत, त्यामुळे बे एरिया किंवा न्यू जर्सीतली दोन पगारांची घरं त्यात सहज येतात.

शून्य टक्क्याच्या टप्प्याकडे मात्र फार कमी लोक बघतात. एच-४ वर जोडीदार घरी आहे आणि एकाचाच १,२०,००० डॉलर पगार आहे असं घर घ्या. २०२५ ची ३१,५०० डॉलरची स्टँडर्ड डिडक्शन गेली की करपात्र उरतात ८८,५००. ९६,७०० पर्यंत ८,२०० डॉलरची जागा शिल्लक. तेवढा लाँग टर्म गेन केंद्राच्या करातून पूर्ण सुटतो. ४०१-के मध्ये पैसे टाकत असाल तर जागा आणखी वाढते. अशा घराने वाटप टाळण्यासाठी धावपळ करायचं काहीच कारण नाही. उलट जुना नफा काढून घ्यायला हे चांगलं वर्ष आहे.

वाटपाने एकूण उत्पन्न वाढतं, तेव्हा उत्पन्नावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या गोष्टीही बघा. थेट रॉथ आयआरएत पैसे टाकण्याची मर्यादा एकत्र रिटर्नसाठी २०२५ मध्ये २,३६,००० ते २,४६,००० डॉलरच्या दरम्यान घटत जाऊन संपत होती. जानेवारीतच पैसे टाकून मोकळे झालेल्यांना डिसेंबरातलं वाटप त्या रेषेच्या पलीकडे नेऊ शकतं. सबसिडी घेऊन सरकारी मार्केटप्लेसमधून आरोग्य विमा घेतला असेल तर तिथेही फरक पडतो.

घ्यायचं थांबायचं, विकायचं की बसून राहायचं

नवीन पैसे टाकणार असाल तर उत्तर सोपं आहे. साध्या खात्यात मोठी रक्कम टाकायची असेल आणि वाटप एनएव्हीच्या ४-५ टक्क्यांहून जास्त असेल, तर एक्स-डिव्हिडंड तारीख उलटू द्या आणि मग घ्या. नोकरीतला बोनस किंवा भारतातलं घर विकून आलेले पैसे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लोक घाईने फंडात टाकतात, तिथेच नुकसान होतं. वाटप अर्धा-एक टक्का असेल तर थांबण्यात अर्थ नाही. म्युच्युअल फंडाचा व्यवहार बाजार बंद झाल्यावरच्या एनएव्हीने होतो, त्यामुळे त्या दिवसाचा भाव हवा असेल तर ऑर्डर पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारी ४ च्या आत गेली पाहिजे. सिअॅटल किंवा सॅन होजेतल्या माणसासाठी म्हणजे दुपारी १.

हातातला फंड विकावा का, याला थोडा हिशेब लागतो. एका बाजूला वाटपावरचा कर, दुसऱ्या बाजूला आज विकल्यास तुमच्या स्वतःच्या नफ्यावरचा कर. फंड तोट्यात किंवा नाममात्र नफ्यात असेल आणि तुम्हाला तो फार प्रिय नसेल, तर एक्स-डिव्हिडंडच्या आधी विकणं फायद्याचं. पंधरा वर्षांपूर्वी ४० डॉलरला घेतलेला आणि तिप्पट झालेला असेल तर ४ डॉलरचं वाटप चुकवायला ८० डॉलरचा नफा उघड करण्यात काही हशील नाही. बसून राहा. खरेदीला वर्ष पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिले असतील तर तेही मोजा, कारण तेवढ्याने शॉर्ट टर्म गेनचा लाँग टर्म होतो.

मग तोट्याचा उपयोग. दुसरा एखादा शेअर किंवा फंड तोट्यात असेल तर ३१ डिसेंबरच्या आत विकून तो तोटा लाँग टर्म वाटपातून वजा करता येतो. वजा करून उरलेला तोटा पगारासारख्या उत्पन्नातून वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत कापता येतो, बाकीचा पुढच्या वर्षी. पण वाटपातला शॉर्ट टर्म भाग डिव्हिडंड म्हणून आलेला असल्यामुळे त्याच्यासमोर कॅपिटल लॉस लावता येत नाही. भारतातल्या सवयीने शॉर्ट टर्म तोटा शॉर्ट टर्म वाटपाला लावला जाईल असं गृहीत धरू नका.

तोटा काढताना वॉश सेलचा नियम पाळायचा: विक्रीच्या आधीच्या आणि नंतरच्या ३० दिवसांत तोच किंवा जवळपास तसाच फंड घेतला तर तोटा त्या वर्षी मान्य होत नाही. डिसेंबरात हा नियम लोकांना नकळत पकडतो, कारण डिव्हिडंडची आपोआप होणारी पुनर्गुंतवणूक ही खरेदीच आहे. बायकोच्या खात्यातली खरेदीही मोजली जाते. स्वतःच्या आयआरएत तोच फंड घेतला तर ते सगळ्यात वाईट, तिथे तोटा कायमचा जातो. म्हणून नोव्हेंबरातच साध्या खात्यांची पुनर्गुंतवणूक बंद करून टाका. एस अँड पी ५०० चा एक फंड विकून दुसऱ्या कंपनीचा त्याच निर्देशांकाचा फंड घेणं मी टाळेन. टोटल मार्केट फंड घेतलेला बरा.

आणखी एक बारीक नियम. फंड घेऊन सहा महिने किंवा त्याहून कमी काळ झाला असताना, मध्ये वाटप घेऊन, तो तोट्यात विकला, तर मिळालेल्या लाँग टर्म वाटपाइतका तोटा लाँग टर्म समजला जातो.

२०२१ मध्ये टार्गेट डेट फंडांत काय झालं

कोणता फंड कोणत्या खात्यात ठेवायचा, हे का महत्त्वाचं, ते या एका घटनेतून कळतं. व्हॅनगार्डचे टार्गेट रिटायरमेंट फंड, म्हणजे निवृत्तीचं वर्ष धरून शेअर-बाँडचं प्रमाण आपोआप बदलणारे टार्गेट डेट फंड, दोन प्रकारचे होते, सामान्यांसाठी एक आणि मोठ्या निवृत्ती योजनांसाठी स्वस्त असा दुसरा. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने संस्थांसाठीच्या फंडाची किमान गुंतवणूक १० कोटी डॉलरवरून ५० लाख डॉलरवर आणली. साहजिकच अनेक योजनांनी सामान्य फंडातून पैसे काढून स्वस्त फंडात नेले. ते पैसे द्यायला फंडाला वर्षानुवर्षं वाढलेली मालमत्ता विकावी लागली. साचलेला सगळा नफा डिसेंबर २०२१ मध्ये मागे राहिलेल्यांच्या नावावर पडला. काही फंडांत वाटप एनएव्हीच्या १० टक्क्यांहूनही जास्त गेलं. म्हणजे साध्या खात्यात २,००,००० डॉलर असलेल्याला २०,००० हून जास्त करपात्र उत्पन्न, आणि त्याने स्वतः काहीच केलेलं नव्हतं. ज्यांनी हाच फंड ४०१-के किंवा आयआरएत ठेवला होता त्यांना एका सेंटचाही फरक पडला नाही. जानेवारी २०२५ मध्ये या प्रकरणात सेक या नियामकाबरोबरच्या तडजोडीत व्हॅनगार्डने १०.६ कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं मान्य केलं.

टार्गेट डेट फंड वाईट नाहीत. ज्याला रोज बघायला वेळ नाही त्याच्यासाठी ते उत्तमच, पण त्यांची जागा निवृत्ती खात्यात. अॅक्टिव्ह फंड, रिअल इस्टेट फंड, जास्त व्याज देणारे बाँड फंड हेही तिकडेच ठेवा. साध्या खात्यात मोठ्या निर्देशांकाचे ईटीएफ ठेवले की डिसेंबरचा प्रश्न बराचसा मिटतो. ४०१-के च्या आत फंड बदलायला कर लागत नाही, त्यामुळे ही अदलाबदल तिथे मोकळेपणाने करा. साध्या खात्यातला व्हॅनगार्डचा इंडेक्स म्युच्युअल फंड असेल तर त्यातल्या बहुतेकांचे शेअर त्याच फंडाच्या ईटीएफमध्ये विक्री न मानता बदलून मिळतात, तेही विचारून घ्या.

कर वेळेत भरा

अमेरिकेत कर वर्षभर भरत राहायचा असतो. पगारातून कापला जाणारा कर वाटपाचा विचार करत नाही. रिटर्नच्या वेळी १,००० डॉलरपेक्षा कमी देणं निघालं तर दंड नाही. त्याहून जास्त निघालं तरी चालू वर्षाच्या कराच्या ९०% किंवा मागच्या वर्षाच्या कराइतके पैसे भरलेले असतील तर दंड टळतो. मागच्या वर्षी समायोजित उत्पन्न १,५०,००० च्या वर होतं तर १००% ऐवजी ११०% धरा.

कमी पडत असेल तर दोन वाटा. एक, १५ जानेवारीच्या आत चौथ्या तिमाहीचा आगाऊ कर आयआरएस या केंद्राच्या कर खात्याच्या साइटवरून भरायचा, आणि राज्याचा वेगळा. दुसरी वाट मला जास्त आवडते. नोव्हेंबरातच डब्ल्यू-४ फॉर्मच्या (पगारातून किती कर कापायचा ते सांगणाऱ्या) ४-सी ओळीत जादा रक्कम लिहून एचआरकडे द्या. पगारातून कापलेला कर डिसेंबरात कापला तरी वर्षभर सारखा भरला असं मानलं जातं, त्यामुळे आधीच्या तिमाहीचा दंडही लागत नाही. जानेवारीत ती ओळ पुन्हा कोरी करायला विसरू नका.

भारतातले फंड याच यादीत धरू नका

पुण्या-नाशकात चालू ठेवलेल्या एसआयपीला वरचा कोणताही हिशेब लागू नाही. तिथला प्रश्न जास्त गंभीर आहे. अमेरिकेच्या करकायद्यात भारतातला म्युच्युअल फंड पीएफआयसी, म्हणजे निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी, या वर्गात मोडतो. काही निवड केलेली नसेल तर विकताना झालेला नफा धारणेच्या सगळ्या वर्षांवर पसरला जातो, मागच्या वर्षांच्या भागावर त्या त्या वर्षाचा सर्वोच्च दर लागतो आणि वर व्याज. लाँग टर्मचा सवलतीचा दर मिळत नाही. दरवर्षी बाजारभावाने नफा दाखवण्याची निवड करता येते, पण तो नफाही पगारासारखाच करपात्र. प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म ८६२१ भरावा लागतो. वर्षअखेरीला सगळ्या पीएफआयसींची मिळून किंमत २५,००० डॉलरच्या आत, एकत्र रिटर्नला ५०,००० च्या आत असेल, काही विकलेलं नसेल आणि मोठं वाटपही आलेलं नसेल, तर फॉर्मपासून सूट मिळू शकते. ही खाती एफबीएआरमध्ये, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देण्याच्या फॉर्ममध्येही येतात. परदेशातल्या सगळ्या आर्थिक खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की तो भरावाच लागतो.

अमेरिकेत येऊन पहिलंच वर्ष असेल तर हा निर्णय लवकर घ्या. करासाठी रहिवासी ठरण्याआधी विकलेल्या फंडावर इथला कर नसतो. ती वेळ गेली असेल तर किमान नवी एसआयपी थांबवा आणि पीएफआयसीची कामं करणारा सीपीए (इथला परवानाधारक हिशेबनीस) गाठा. प्रत्येक सीपीए ती करत नाही, फोनवरच स्पष्ट विचारा.

फेब्रुवारीत काय जुळवायचं

ब्रोकरचं एकत्रित १०९९, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाचा फॉर्म, साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येतं. त्यातल्या १०९९-डीआयव्हीमध्ये १ए रकान्यात एकूण साधा डिव्हिडंड असतो आणि शॉर्ट टर्म वाटप त्यातच मिसळलेलं असतं. १बी मध्ये त्यापैकी सवलतीच्या दराचा क्वालिफाइड भाग. लाँग टर्म वाटप २ए मध्ये. नोव्हेंबरात केलेल्या यादीतला आकडा २ए शी ताडून बघा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत थोडा फरक पडतो, दुप्पट-तिप्पट फरक दिसला तर एखादं खातं किंवा शेअर क्लास चुकलाय. ७ व्या रकान्यात परदेशात भरलेला कर असेल तर त्याची वजावट मिळते. आंतरराष्ट्रीय फंड असलेले अनेक जण ती घ्यायची विसरतात.

२०१२ पासून घेतलेल्या फंडांची खरेदी किंमत ब्रोकर स्वतः आयआरएसला कळवतो, पुनर्गुंतवणुकीसकट. त्याआधीच्या शेअरांचा हिशेब तुमच्याकडे हवा. जुनी स्टेटमेंट नसतील तर वर्षानुवर्षांच्या पुनर्गुंतवणुकीवर भरलेला कर विकताना पुन्हा भरला जाईल. फंड कंपनीला लिहून जुनी स्टेटमेंट मागवून घ्या.

आणि रिटर्न पहिल्याच आठवड्यात पाठवून देऊ नका. फंडांनी वाटपाचं वर्गीकरण नंतर बदललं की ब्रोकर सुधारित १०९९ पाठवतात, रिअल इस्टेट आणि आंतरराष्ट्रीय फंडांच्या बाबतीत हे बऱ्याचदा होतं. असे फंड खात्यात असतील तर मार्चच्या मध्यापर्यंत थांबा, ब्रोकरच्या साइटवर नवीन फॉर्म आलाय का ते एकदा पाहा, आणि मग भरा.